शिफ्ट सुटल्याचा भोंगा कोण वाजवणार?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, वय ४३. घरी आम्ही तेलुगू बोलतो, माझं शिक्षण मराठीत झालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब आणि डिस्पॅच बघते. आमचे हे जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच करायचे. आता डिझाइन कॉम्प्युटरवर होतं आणि तिथून थेट मशीनला जातं. त्यांना दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगवर देखरेखीचं काम मिळालं. पगार येतो, पण माणूस गप्प झालाय. घरात कुणी मोबाइल हातात घेतला की उठून बाहेर जातात.

सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या. पीएफची पेन्शन आहे, थोडकीच, पण त्यांची स्वतःची. हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर बोट ठेवलं की ठसा येत नाही. दोनदा परत पाठवलं. दुसऱ्या वेळी तिथला मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, तुमच्या बोटाला रेषाच नाहीत." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आमचे शेठ रात्री दहा-साडेदहाला ग्रुपवर ऑर्डरी टाकतात. बघितलं नाही तर सकाळी बोलणी बसतात. मुलगा दहावीला आहे, मोबाइलवरून त्याच्याशी रोज भांडण. आणि त्याच मोबाइलवर पुण्यात कॉम्प्युटर शिकणारी माझी मुलगी रात्री दिसते, गल्लीच्या ग्रुपवर पाणी सुटल्याचं कळतं, सासूबाई तेलुगू भजनं ऐकतात.

दिवसभर मी त्या फोनला शिव्या घालते आणि रात्री उशाशी घेऊन झोपते. मी दुटप्पी आहे का? सगळं सोडून साधा बटणाचा फोन घ्यावा असं रोज वाटतं. काय करू?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दुटप्पी मुळीच नाही. फोन तुम्हाला कुठे हवासा वाटतो ते तुमच्याच पत्रात पुन्हा वाचून बघा. लेकीशी बोलणं, पाण्याचा निरोप, सासूबाईंची भजनं. तिन्ही ठिकाणी गरज तुमची आहे आणि फोन त्या गरजेला धावून येतो. नकोसा कुठे वाटतो? शेठच्या ग्रुपवर, दाखल्याच्या मशीनपुढे, तुमच्या यजमानांच्या कामात. तिथले नियम दुसऱ्या कुणी तरी ठरवले आणि तुमच्या घरातल्या एकाही माणसाला विचारलं नाही. तुमचा राग त्या न विचारण्यावर आहे. तो रास्त आहे, तो सोडू नका.

पण साधा फोन घेऊ नका. त्यानं शेठचे मेसेज थांबतील आणि मुलीचा चेहराही दिसेनासा होईल. शिवाय सासूबाईंचं जे काम आता करायचं आहे ते तुमच्याच स्मार्टफोनवर होणार आहे. तेच आधी बघू, कारण त्यात पेन्शन अडकली आहे आणि पेन्शनपेक्षाही जास्त, त्यांचं मन.

त्या मुलाचं वाक्य त्यांच्या मनातून काढायला हवं. ते तुम्हीच काढू शकाल, आणि तेलुगूत काढा. त्यांना सांगा, तेंदूचं पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, बोटानं तोंड मुडपायचं, आणि मजुरी हजार विड्यांवर म्हणून हात थांबू द्यायचा नाही. असं वर्षानुवर्षं केल्यावर बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत होतेच. बांधकामावरच्या मजुरांची होते, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची होते, वयानं कातडी कोरडी पडली की आणखी होते. ज्या कामाची ही पेन्शन त्याच कामानं ठसा पुसला आणि आता त्या पुसलेल्या ठशापायी पेन्शन अडते, हा उघड अन्याय आहे. विडी कामगार बायकांच्या शहरात हयातीचा दाखला काढायला बसणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं होतं. लाज वाटायची असेल तर ती त्या व्यवस्थेला वाटावी. सासूबाईंनी एक घाससुद्धा त्यापायी सोडू नये.

आता मार्ग. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ओळख पटवायला बोटाचा ठसा किंवा डोळ्याचं बुबुळ लागायचं. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते आणि पीएफच्या पेन्शनरांनाही ती सोय मिळाली आहे. त्यासाठी कुठे जायला नको. तुमच्या अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधून दोन अ‍ॅप घ्या, 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण'. दोन्ही सरकारी आहेत, मिळत्याजुळत्या नावाचं तिसरं काही उतरवू नका. आधी 'ऑपरेटर' म्हणून तुमचा स्वतःचा आधार आणि चेहरा द्यायचा. मग सासूबाईंची माहिती भरायची: आधार नंबर, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, ज्यात पेन्शन जमा होते ते बँक खातं. पीपीओ नंबर सापडत नसेल तर बँकेत किंवा पीएफ ऑफिसात मिळतो. मग त्यांचा चेहरा. सकाळच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, आणि अ‍ॅप सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायला सांगा. काम झालं की मोबाइलवर मेसेज येतो, त्यातला प्रमाण क्रमांक वहीत लिहून ठेवा.

इथे एका गोष्टीवर लक्ष असू द्या. आपल्या पूर्व भागात आडनावांची आणि नावांची स्पेलिंगं कागदागणिक बदलतात. आधारवर एक, पीपीओवर दुसरं. दाखला तयार झाला म्हणजे तो मंजूर झालाच असं नाही. काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या वेबसाइटवर तो स्वीकारला गेला का ते बघा. नाव जुळत नाही म्हणून परत आला, तर दोन्ही कागद घेऊन पीएफ ऑफिसात तुम्ही स्वतः जा, सासूबाईंना रांगेत उभं करू नका.

फोनवर जमलं नाही तर पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतात, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ती सोय आहे. तुमच्या पोस्टात जाऊन सांगून ठेवा. आणि पीएफच्या, म्हणजे १९९५ च्या योजनेच्या पेन्शनला नोव्हेंबरची सक्ती नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. सगळ्यांबरोबर गर्दीत जायचं कारणच उरत नाही.

दाखल्याच्या नावाखाली फोन करून ओटीपी मागणारे भामटे असतात. "तुमची पेन्शन बंद होतेय, आलेला नंबर सांगा," असं म्हणतात. पेन्शन देणारं कुठलंही ऑफिस फोनवर ओटीपी मागत नाही. सासूबाईंना एवढं एकच वाक्य पाठ करून द्या: "माझ्या सुनेला विचारा." आणि चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

हे सगळं त्यांच्या वतीनं उरकून टाकू नका, हे मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे. फोन त्यांच्या हातात द्या. चेहरा त्यांचा, पेन्शन त्यांची, तर बटणही त्यांनीच दाबलं पाहिजे. भजन लावायला ज्या शिकल्या त्यांना हेही येईल. मशीननं सगळ्यांदेखत नाकारलं, तर आता मशीननं त्यांच्याच घरात, त्यांच्या हातानं मान्य करू दे.

आता शेठचं. तुमच्या पत्रातला हा भाग वाचताना मला सोलापूरचा भोंगा आठवत राहिला. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. हे शहर भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबे भरायचं. गिरण्यांनी कामगारांना कमी पिळलं नाही, त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण भोंगा शिफ्ट भरल्याचा वाजायचा तसा सुटल्याचाही वाजायचा. सुटल्यावर माणूस घराचा असे, आणि ते मालकालाही ऐकू जाई. तुमच्या ग्रुपला भरल्याचा भोंगा आहे, तो दिवसभर वाजतो. सुटल्याचा नाहीच. रात्री साडेदहाला ऑर्डर टाकणारा माणूस वाईट असतो असं नाही. त्याच्या डोक्यात आलं, त्यानं टाकलं, तो झोपला. जागं राहणं तुमच्या वाट्याला आलं.

काही देशांनी यावर कायदे केले. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-मेलबद्दल कामगारांशी बसून ठरवावं लागतं. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तुमच्या कारखान्यात सुटल्याचा भोंगा तुम्हालाच वाजवावा लागणार, आणि तो बोलूनच वाजेल.

ग्रुपवर मात्र हा विषय काढू नका. चारचौघांत मालक मागे हटत नाही. दुपारी गाडी भरून गेल्यावर, शेठ निवांत असताना, समोर बसून बोला. आणि "मला त्रास होतो" इथून सुरुवात करण्यापेक्षा मालापासून करा, कारण तिथे तुमचा शब्द चालतो. रात्री घाईत टाकलेल्या मेसेजमध्ये साइज असते तर जीएसएम (कापडाचं वजन) नसतं, रंग असतो तर पार्टीचं नाव नसतं, आणि ट्रान्सपोर्ट कुठला ते सकाळी पुन्हा विचारावं लागतं. चुकीचा गठ्ठा गेला की परतीचं भाडं शेठच्याच खिशातून जातं. मग तुमचा प्रस्ताव ठेवा: "आठपर्यंत आलेली ऑर्डर मी त्याच रात्री वहीत घेते. आठनंतरची सकाळी आल्या आल्या पहिली. गाडी अडूनच बसली असेल तर मेसेज नको, फोन करा, मी उचलते." या शेवटच्या वाक्यात सगळी ताकद आहे. मेसेज टाकायला कुणाला काही लागत नाही. साडेदहाला फोन लावताना मात्र माणूस क्षणभर विचार करतो की हे सकाळी चालेल का, आणि बहुतेक वेळा चालतं.

एकट्यानं बोलायचं दडपण येत असेल तर ग्रुपवरच्या आणखी एका-दोघांना बरोबर घ्या. त्यांचीही रात्र तशीच जात असणार. शेठ ऐकायला तयारच नसतील, तर ग्रुप म्यूट करा आणि साडेनऊला एकदाच उघडून बघा, मग सकाळपर्यंत नाही. ग्रुपमध्ये निळ्या टिका बंद करता येत नाहीत, म्हणून 'बघितलं पण उत्तर दिलं नाही' हा ठपका टाळायचा तर न उघडणं हाच उपाय आहे. काही दिवस बोलणी बसतील. तुम्ही त्या कारखान्याचं डिस्पॅच सांभाळता, ते काम एका दिवसात कुणाला शिकवता येत नाही, हे शेठना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमची किंमत तुम्ही कमी धरताय असं पत्रातून मला जाणवलं.

आणि फोन उशाशी नको. गजरासाठी घेत असाल तर गजराचं घड्याळ आणा. लेकीचा फोन झाला की मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, मुलाचाही त्याच्या शेजारी. दहावीच्या मुलाला "ठेव तो फोन" असं सांगणाऱ्या आईच्या हातात फोन असेल तर ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसायला लागली त्याचं कारण मोठ्यांचेही फोन बंद होते. तुमच्या घरापुरता तास तुम्ही ठरवा. अभ्यासाचे व्हिडिओ त्याला लागतात ते त्या तासाआधी बघू दे. दहावीच्या वर्षात यापेक्षा जास्त कडक होऊ नका, भांडणात जाणारा वेळही अभ्यासातलाच असतो.

राहता राहिले तुमचे यजमान, आणि माझ्या मनात सगळ्यात जास्त तेच आहेत. तुम्ही त्यांच्याबद्दल दोन-चारच ओळी लिहिल्यात, पण घरातली खरी जखम तिथे आहे. कार्ड पंच करण्याचं काम पूर्वीसारखं परत येणार नाही. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं तिथे कार्डं लागत नाहीत, आणि हे ते कुणाहीपेक्षा चांगलं जाणतात. म्हणून "होईल सगळं ठीक" असं त्यांना म्हणू नका. पगार येतोय ना, असंही म्हणू नका. त्यांचा पगार गेला नाही, त्यांची विद्या बिनकामाची ठरवली गेली. त्याचं दुःख करायला माणसाला जागा हवी. मोबाइल बघून ते उठून जातात, कारण त्या काचेत त्यांना त्यांचं काम घेऊन गेलेलं यंत्र दिसतं.

पण त्यांना एक गोष्ट बहुधा कुणी सांगितली नसेल, आणि ती तुमच्या लेकीनं सांगावी असं मला वाटतं. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रान्समधल्या ल्यों शहरच्या माणसानं १८०४ मध्ये हा माग बनवला. कार्डाला भोक असलं की सुई आत जाते आणि तिला जोडलेल्या हुकाचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. भोक नसलं की सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. आडव्या एकेका धाग्याला एकेक कार्ड. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच उत्तरांवर चादरीवरचा मोर उभा राहतो. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं गणित करणाऱ्या यंत्राचा आराखडा १८३० च्या दशकात काढला तेव्हा त्याला सूचना द्यायला त्यानं हीच कार्डांची रीत घेतली. त्याच्याकडे जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, ते विणायला २४,००० कार्डं लागली होती. पुढे अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजदाद हर्मन हॉलेरिथच्या पंच केलेल्या कार्डांवर झाली. तुमची लेक पुण्यात आज जे शिकतेय त्याच्या मुळाशी हे काम आहे. बाप आयुष्यभर एका परीनं प्रोग्रामच लिहीत होता, हातानं, भोकं पाडून, आणि एक भोक चुकलं तर ते कापडावर शोधून काढत होता.

ही त्यांची समजूत घालण्याची गोष्ट नाही, यातून पुढे काही करता येण्यासारखं आहे. डिझाइन कॉम्प्युटरवर काढणाऱ्या कितीतरी मुलांना पडद्यावर सुंदर दिसणारी नक्षी मागावर कशी उतरेल ते कळत नाही. कुठे धागा फार लांब मोकळा सुटेल आणि वापरात अडकून तुटेल, कुठे काठाची वीण दाट होऊन टॉवेल आक्रसेल, हे कापड बघून सांगणारा माणूस लागतो. तुमच्या यजमानांना सॉफ्टवेअर येत नसेल, वीण येते. त्यांनी एखाद्या डिझायनरबरोबर बसून नमुने तपासायचं काम मागून बघावं. तुम्ही त्याच धंद्यात आहात, कुठल्या कारखान्यात नव्या डिझाइनचा माल परत येतोय हे तुमच्या कानावर येत असेल. तिथे शब्द टाका. काम मिळेलच अशी हमी मी देऊ शकत नाही, पण पॅकिंगपेक्षा त्यांच्या हुशारीच्या जवळचं काम ते असेल.

लेकीला सांगा, पुढच्या वेळी हुतात्मा एक्सप्रेसनं घरी आली की वडिलांकडे कार्ड वाचायला शिकायला बसायचं. व्हिडिओ कॉलवर नको, समोर. घरात जुन्या कार्डांची एखादी लड ठेवली असेल तर ती काढा, नसेल तर ओळखीच्या कारखान्यातून मागून आणा, असली कार्डं अजून कुठे कुठे माळ्यावर पडलेली असतात. ते समजावत असताना तिनं मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करावं का, हे तिनं त्यांना विचारूनच ठरवावं. नको म्हणाले तर फोन खिशात ठेवून नुसतं शिकावं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारावं.